तालुक्याचं पर्यटन धोरण: आधी मुक्काम मोजा, मग कमान बांधा

प्रश्न असा आला आहे: "आम्ही राधानगरी-भुदरगड भागातले. पावसाळ्यात शनिवार-रविवारी धबधब्यांकडे गाड्यांची रांग लागते, सोमवारी गावाच्या वाट्याला बाटल्या आणि प्लॅस्टिक उरतं. पोरं मात्र मुंबई-पुण्यालाच जातात. पंचायत समितीत तालुक्याचं पर्यटन धोरण करायचं चाललंय. सुरुवात कुठून करावी, निधी कुठून आणावा आणि वेगळं प्राधिकरण मागावं का?"

गर्दी आणि पोरांचं गाव सोडणं या दोन्ही गोष्टी तुम्ही एकाच दमात विचारल्या, हे फार बरं झालं. बहुतेक आराखड्यांत पहिली असते, दुसरीचा पत्ता नसतो. जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींबरोबर आराखडे करण्यात आणि त्यातले बरेचसे कपाटात पडून राहिलेले बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. धोरणाच्या पहिल्या पानावर 'काय बांधायचं' याची यादी आली, की पुढची पानं कुणी वाचत नाही. पहिल्या पानावर तीन प्रश्न हवेत. आलेला माणूस गावात रात्री राहतो का? त्याच्या खर्चातला किती पैसा गावात थांबतो? तो गेल्यावर जागा कोण झाडतो आणि कोणत्या पैशातून?

कोल्हापूरला माणसं आणायला जाहिरात लागत नाही. अंबाबाई आहे, जोतिबा आहे, चैत्र यात्रेला सासनकाठ्या आणि गुलालाने वाडी रत्नागिरीचा डोंगर न्हाऊन निघतो. पण येणाऱ्याचा दिवस कसा जातो बघा. सकाळी दर्शन, मग जोतिबा, पन्हाळा, वेळ उरला तर नृसिंहवाडी, आणि अंधार पडायला परतीची वाट किंवा गोव्याचा रस्ता. हा गोव्या-कोकणाचा रस्ता तुमच्या दारावरूनच जातो. दाजीपूरवरून फोंडा घाट, गगनबावड्याहून करूळ आणि भुईबावडा, शाहूवाडीतून आंबा घाट, आजऱ्यावरून आंबोली. माणूस तुमच्या गावातून जातोच आहे, तो थांबत नाही एवढंच. त्यामुळे तालुक्याच्या धोरणाचं एकच मुख्य काम आहे: जाणाऱ्याला एक रात्र थांबवणं आणि नुसत्या धावत्या गर्दीला आवर घालणं.

याचा हिशेब मांडून बघा. आकडे मी समजुतीसाठी घेतोय, तुम्ही तुमच्या गावाचे भरा. समजा रविवारी धबधब्यावर २०० गाड्या आल्या. पेट्रोल कोल्हापुरात भरलं, पाण्याच्या बाटल्या शहरातून आणल्या, डबा घरचा. गावात गाडीमागे शंभर रुपये पडले, चहा आणि भाजलेलं कणीस. झाले २०,००० रुपये, बहुतेक दोन-चार टपऱ्यांचे. आता समजा दहा घरांत दहा कुटुंबं एक रात्र राहिली आणि जेवण, नाश्ता, वाटाड्या धरून प्रत्येकी ४,००० रुपये दिले. झाले ४०,०००. दुप्पट पैसा, विसावा हिस्सा गाड्या. शिवाय त्या पैशातून गावचं दूध जातं, तांदूळ जातो, कोंबडी जाते, शेजारच्या बाईला भाकरी थापायचं काम मिळतं. हा तक्ता तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामसभेत फळ्यावर लिहून दाखवा. मोठ्या सादरीकरणापेक्षा लोक यावर जास्त बोलतात.

घरं कुठली, असं विचाराल. पश्चिमेकडच्या डोंगरी तालुक्यांत कित्येक घरांना वर्षातले दहा-अकरा महिने कुलूप असतं. माणसं मुंबईत, घर गणपतीला आणि जत्रेला उघडतं. शाहूवाडी, आजरा, चंदगड, तुमचा भुदरगड, सगळीकडे हेच. कौलं शाबूत आहेत, पुढे बसायला सोपा आहे, मागे परडं आहे. चांगलं स्वच्छतागृह, कोरडं अंथरूण, पाण्याची सोय आणि सांभाळायला गावातलंच एखादं कुटुंब मिळालं, तर अशा घरात पाहुणे राहू शकतात. मालकाला घर सांभाळलं गेल्याचं समाधान आणि वाटा, सांभाळणाऱ्याला काम. नवीन रिसॉर्ट बांधण्याआधी तालुक्याने कुलूपबंद घरांची यादी करावी. मी आजवर पाहिलेल्या आराखड्यांत ही यादी मला क्वचितच दिसली, आणि मला तर ती सर्वांत मौल्यवान वाटते.

आता खरा कठीण भाग. दहा घरं झाली की भांडण सुरू होतं. रस्त्यालगतच्या घराला पाहुणे, आतल्या आळीला नाहीत. सरपंचाच्या भावकीला गिऱ्हाईक, बाकीच्यांनी वाट बघायची. चांगली सुरू झालेली कामं याच ठिकाणी मोडतात, आणि यावरचा उपाय आपल्याच जिल्ह्यात आहे. गावची दूध संस्था बघा. दोन वेळचं दूध मापलं जातं, फॅट लागेल तसा दर मिळतो, दहा दिवसांनी बिल, दिवाळीला दर फरक. एका म्हशीवाल्याला आणि दहा म्हशीवाल्याला माप एकच. गोकुळ संघ १९६३ साली उभा राहिला आणि जिल्हाभर पसरला तो या गावपातळीवरच्या मापाच्या जोरावर. पर्यटनाला तसंच माप लावा. गावाची एक संस्था, नोंदणी एकाच फोनवर, पाहुणे पाळीने, पाहुण्याने दिलेल्या गुणांवर दराची पायरी, दहा दिवसांनी खात्यावर पैसे आणि ठरावीक टक्का गावनिधीला. आपल्या लोकांना सहकार शिकवावा लागत नाही. संस्थेचं राजकारण होतं हेही खरं, म्हणून पाळीची वही आणि जमा-खर्च दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलाच पाहिजे, हा नियम उपविधीतच घाला.

संस्था बचत गटांच्या महिलांची असेल तर माझा कौल तिकडे जास्त. पाहुण्यांचं घर चालवण्याचं निम्म्याहून अधिक काम बायकाच करतात, मग खातंही त्यांच्या नावे असावं. राज्याचं २०२३ चं 'आई' पर्यटन धोरण महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी आहे. त्यात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर १२ टक्क्यांच्या मर्यादेत व्याज परतावा मिळतो. शेतकऱ्यांसाठी २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे, त्याची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. काजू, फणस, गूळ, लोणची असं काही करायचं असेल तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आहे. तालुक्याने या तिन्हींचे अर्ज भरून देणारा एक माणूस नेमला, तरी निम्मं धोरण मार्गी लागलं असं समजा.

गर्दीकडे वळू. राऊतवाडीचा धबधबा असो, बर्कीचा असो किंवा पन्हाळ्याजवळचं मसाई पठार, प्रत्येक जागेला सोसण्याची मर्यादा आहे आणि ती आपण कागदावर आणलेली नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यात कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा घातली गेली. आगाऊ नोंदणी, प्रवेश शुल्क, आणि व्यवस्था भोवतालच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांकडे. तिथेही कुरबुरी आहेत, पण गावातली पोरं वाहनतळापासून वाटाड्यापर्यंत कामाला लागली आणि पठार कुणाच्या तरी नजरेखाली आलं. तुमच्याकडे धबधब्यांच्या बाबतीत हे उद्या करता येईल. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ ग्रामपंचायतीला यात्रेकरूंवर कर बसवायचा अधिकार देतो, वाहनतळाची फी ग्रामसभेच्या ठरावाने ठरवता येते. जागा वनखात्याची असेल तर वन समितीमार्फत जा आणि शुल्कातला गावाचा वाटा लेखी ठरवून घ्या. तोंडी ठरलेला वाटा साहेबाची बदली झाली की जातो.

काजव्यांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण राधानगरीत मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला त्यासाठी लोक येतात आणि ही फार नाजूक गोष्ट आहे. काजवे लुकलुकतात ते जोडीदाराला बोलावण्यासाठी. गाडीचे दिवे, बॅटऱ्या, मोबाइलचा फ्लॅश यांनी ते बोलावणं बुजतं. अंधारात चाललेली माणसं जमिनीवरच्या माद्या पायाखाली तुडवतात. भंडारदऱ्याच्या बाजूला या गर्दीचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. राधानगरीने आत्ताच ठरवावं: गाड्या गावाबाहेर, पुढे पायी, दहा-दहाच्या गटाने, गावचा वाटाड्या सोबत, लाल कागद लावलेली एकच बॅटरी. आणि ज्याचा त्या रात्री गावात मुक्काम आहे त्याला प्राधान्य. यात काजवेही राहतील आणि मुक्कामही वाढेल.

अभयारण्य म्हटलं की आणखी एक न्यायाची गोष्ट येते. दाजीपूरचं अभयारण्य गव्यांसाठी १९५८ साली झालं. तेच वाढून आज राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. गवा बघायला पर्यटक पैसे देतो आणि त्याच गव्यांचा कळप रात्री शेतकऱ्याचा ऊस आणि भात तुडवतो. आजरा-चंदगडकडे हत्ती तेच करतात. नुकसानभरपाईची सरकारी वाट आहे, पण ती लांबची आहे. माझी ठाम सूचना अशी की सफारी आणि प्रवेश शुल्कातला एक हिस्सा पीक नुकसान झालेल्या गावांच्या कुंपणासाठी आणि तातडीच्या मदतीसाठी बाजूला काढण्याची मागणी तालुक्याने ठराव करून शासनाकडे न्यावी. ज्याच्या शेतात गवा चरतो त्याला गव्याच्या पर्यटनातला एक रुपयाही मिळत नसेल, तर जंगल राखायला तो का उभा राहील?

जमिनीचंही सांगतो. घाटाकडेच्या गावांत रस्ता झाला की बाहेरचे खरेदीदार येतात. एकरकमी पैसा दिसतो, मोटरसायकल आणि लग्न यात तो जातो, आणि पोरगा आपल्याच विकलेल्या जमिनीवर वॉचमन म्हणून उभा राहतो. विक्री कुणी अडवू शकत नाही, पण ग्रामसभा सल्ला देऊ शकते: विकू नका, दहा-पंधरा वर्षांच्या भाडेकराराने द्या किंवा भागीदारीत उतरा. तालुक्याने साध्या मराठीत एक नमुना करार वकिलाकडून करून प्रत्येक ग्रामपंचायतीत ठेवावा. अभयारण्याभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात व्यापारी बांधकामावर मर्यादा येतात, हेही त्यातच लिहा. बाहेरच्या माणसाला ते माहीत असतं, आपल्या शेतकऱ्याला नसतं.

तुम्ही फक्त तुमच्या भागाचं विचारलंत, पण धोरण जिल्ह्याशी जोडायचं तर एक गोष्ट लक्षात ठेवा. बारा तालुक्यांना एकच साचा चालत नाही. शिरोळकडे कृष्णा-पंचगंगेच्या काठावर २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी बाजारपेठा बुडवल्या. तिथे पर्यटनावर पोट ठेवायचं तर पावसाळ्याचे दोन महिने बंद धरूनच हिशेब करायला हवा, दुकानदारांच्या विम्यासकट. त्याच तालुक्यात खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर आहे. शिलाहार काळातलं, ४८ खांबांचा, वरून वर्तुळाकार उघडा स्वर्गमंडप. नृसिंहवाडीला दर्शनाला येणारी हजारो माणसं पेढे आणि कवठाची बर्फी घेऊन तिथूनच परत फिरतात, कारण पुढे काय आहे ते त्यांना कुणी सांगत नाही आणि वेळेवर गाडी नाही. तिथे कोट्यवधींचा प्रकल्प लागत नाही. शनिवार-रविवारी नृसिंहवाडीहून खिद्रापूरला सुटणारी आणि दीड तास थांबून परत आणणारी एसटी लागते. एसटीचं वेळापत्रक हे पर्यटन धोरणाचं सर्वांत स्वस्त हत्यार आहे आणि ते कुणी हातात घेत नाही. तुमच्याकडेही कोल्हापूर-राधानगरी-दाजीपूर अशी सकाळची फेरी पर्यटकाच्या वेळेला जुळते का, ते आगार व्यवस्थापकांशी बसून बघा.

पन्हाळ्याची गोष्ट निराळी. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून तो जागतिक वारसा झाला. मान मोठा आहे. पण पन्हाळ्यावर माणसं राहतात, नगरपरिषद आहे, दुकानं आहेत, आणि वारशाचे नियम आपल्या घरावर येतील ही तिथल्यांची धास्ती मी खोटी मानत नाही. त्यांच्याशी बोलून नियम ठरले तरच गड राखला जाईल. २०२१ च्या पावसात गडावर जाणारा रस्ता खचला होता, म्हणजे गाड्यांचा भार वर नेणं आता शहाणपणाचं नाही. वाहनतळ पायथ्याला, वर छोट्या बस, आणि पायथ्याच्या गावांना त्या वाहनतळाचं उत्पन्न, असा माझा आग्रह आहे.

पन्हाळ्यापासून पावनखिंडीपर्यंतची वाट तर मला जिल्ह्याच्या ग्रामीण पर्यटनाचा कणा वाटते. १६६० च्या जुलैमधल्या त्या रात्रीची आठवण म्हणून दर पावसाळ्यात हजारो तरुण ही वाट चालतात. मसाई पठार, खोतवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, पांढरेपाणी. दोन दिवस त्या वाड्यांवर माणसांचा पूर येतो आणि मग वर्षभर शुकशुकाट. हीच वाट नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, थंडीत, पंधरा-वीस जणांच्या गटाने, दोन रात्री वाडीवर मुक्काम करून का चालू नये? शाळांच्या सहली नेता येतील. वाडीवरच्या म्हाताऱ्या माणसांकडून इतिहास ऐकता येईल, नाचणीची भाकरी खाता येईल. यात बांधकाम जवळपास नाहीच. वाटेवरच्या खुणा, पाण्याच्या जागा आणि प्रशिक्षित वाटाडे, एवढं पुरतं.

हस्तकलेबाबत थोडक्यात. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्र आणि कर्नाटकचे चार-चार जिल्हे आहेत. २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दिसल्यावर सगळे चिडलो, पण आपल्याकडे येणारा पर्यटक अजूनही यंत्रावरची नक्कल घेऊन जातो. कागल तालुक्यातली कापशी चपलेसाठी नावाजलेली, हुपरी चांदीसाठी. कारागिराच्या ओसरीवर काम बघायला पर्यटक नेला, तर बघण्याचेही पैसे कारागिराला द्या आणि विक्री थेट करू द्या. तुमच्या भागात गुऱ्हाळं आणि आजऱ्याचा घनसाळ तांदूळ यांनाही हेच लागू. गुऱ्हाळं मजुरांअभावी बंद पडत चालली आहेत. हंगामात गुऱ्हाळ दाखवून, काकवी चाखवून, रसायन न घातलेला गूळ तिथेच विकता आला तर एखादं तरी चालू राहील.

निधीचं तुम्ही विचारलंत. 'क' वर्ग पर्यटनस्थळासाठी जिल्हा नियोजन समितीकडे जा, मोठ्या कामांना राज्याची प्रादेशिक पर्यटन विकास योजना आहे, वित्त आयोगाच्या ग्रामपंचायत निधीत पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील हिस्सा असतो, तो पर्यटनस्थळाच्या शौचालयांना आणि कचऱ्याला वापरा. पैसे मिळतात. मिळालेल्या पैशाचं काय होतं, तिथे मला वाईट वाटतं. कमान उभी राहते, तिकीटघर बांधलं जातं, शौचालयाला पाण्याचं कनेक्शन नसतं आणि दुसऱ्या वर्षी कुलूप लागतं. म्हणून धोरणात एक सक्तीची अट घाला: पाच वर्षांची देखभाल कोण करणार, कोणत्या उत्पन्नातून आणि जबाबदार माणूस कोण, हे लेखी आल्याशिवाय कोणत्याही बांधकामाची शिफारस पंचायत समिती करणार नाही. पहिल्या वर्षी तर मी म्हणेन एकही नवीन बांधकाम घेऊ नका. कचरा, पाणी, पाट्या, वाटाड्यांचं प्रशिक्षण आणि दहा घरं. बास.

मोजायचं काय, तेही आधी ठरवा. 'इतके लाख पर्यटक आले' हा आकडा सोडून द्या. मुक्कामाच्या रात्री, बचत गटांच्या खात्यात जमा रक्कम, गावातून खरेदी झालेलं दूध-तांदूळ-भाजी, उचललेला कचरा, आणि एप्रिल-मे महिन्यात विहिरीची पाणीपातळी. शेवटचं विसरू नका. डोंगरात पाऊस धो धो पडतो आणि उन्हाळ्यात वाड्यांना टंचाई येते. पाहुण्यांच्या अंघोळीला पाणी आणि गावाला दोन दिवसांआड, असं झालं की धोरण लोकांच्या मनातून उतरलं.

वेगळं प्राधिकरण मागू नका. ते यायला वर्षं जातील आणि निर्णय तुमच्या हातून निघून जाईल. गटविकास अधिकारी, वनक्षेत्रपाल, एसटीचे आगार व्यवस्थापक, पोलीस ठाण्याचे प्रभारी, दोन महिला बचत गटांच्या अध्यक्षा आणि दोन तरुण वाटाडे, एवढ्यांची समिती महिन्यातून एकदा बसली तरी चालेल. मात्र बैठक तालुक्याच्या सभागृहात घेऊ नका. दर वेळी एका गावात, शाळेत किंवा देवळात घ्या. येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत या पावसाळ्याचा हिशेब ठेवा: किती गाड्या आल्या, किती रात्री मुक्काम झाला, किती कचरा निघाला. तीन गावांचे एवढे आकडे जमले की मला दाखवा, पुढच्या पावसाळ्याची गाड्यांची मर्यादा आणि शुल्क आपण बसून ठरवू.